४२९४९६७२९७ : दोनला फसवणारी, तीनला सापडणारी संख्या

४ अब्ज २९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९७. दिसायला काही खास नाही. शेवटी ७ आहे, म्हणजे २ आणि ५ बाद. अंकांची बेरीज ५९, म्हणजे ३ बाद. ७ ने भागून बघा, ११ ने बघा, १३ ने बघा; दर वेळी बाकी उरते. शंभरपर्यंत गेलात तरी तेच, पाचशेपर्यंत गेलात तरी तेच. एवढं झाल्यावर कुणीही पेन खाली ठेवून म्हणेल, असेल बुवा मूळ संख्या.

१६४० साली फ्रेंच गणिती पिएर द फर्मा यांनी हेच म्हटलं, पण कंटाळून नव्हे, जवळजवळ खात्रीने. त्यांचं म्हणणं चुकलं होतं. ते चुकल्याचं दाखवून द्यायला ९२ वर्षं लागली. गंमत अशी, की चूक दाखवायला लागणारं हत्यार त्याच वर्षी फर्मा यांच्याच हातात होतं. म्हणून मला हे प्रकरण नीट उलगडून बघावंसं वाटतं.

घराणं

ही संख्या म्हणजे २ चा ३२वा घात, अधिक १. तिच्या आधीची भावंडं अशी: ३, ५, १७, २५७, ६५५३७. घातांक अनुक्रमे १, २, ४, ८, १६. घातांक दर वेळी दुप्पट करायचा आणि शेवटी १ मिळवायचा. या घराण्याला फर्मा संख्या म्हणतात. मोजणी शून्यापासून करतात, त्यामुळे ३ ही शून्यावी फर्मा संख्या आणि आपली पाचवी.

घातांक दुपटीनेच का वाढवायचे? कारण बाकीचे आधीच निकालात निघतात. घातांकात १ सोडून कुठलाही विषम अवयव असला, की संख्या फुटते. उदाहरणार्थ २ चा सहावा घात अधिक १ म्हणजे ६५, आणि ६ मध्ये ३ असल्यामुळे ६५ ला ५ ने, म्हणजे २ चा दुसरा घात अधिक १ ने, भाग जाणारच. तेव्हा २ चा घात अधिक १ या साच्यात मूळ संख्या हवी असेल तर घातांकात फक्त २ च असायला हवेत. ही चाळणी फर्मा यांना ठाऊक होती. चाळणीतून उतरलेल्या पहिल्या पाचही संख्या खरोखर मूळ निघाल्या. ऑगस्ट १६४० मध्ये फ्रेनिक्ल यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी मांडलं, की या घराण्यातली प्रत्येक संख्या मूळ असावी. सिद्धता नाही, हेही त्यांनी लपवलं नाही.

पाचपैकी पाच हे प्रमाण कुणालाही मोहात पाडेल. पण त्या पाचांतली सर्वांत मोठी ६५५३७, आणि लगेच पुढची चार अब्जांच्या पार. उडी केवढी मोठी आहे हे लक्षात घेतलं तर पाच उदाहरणांचा आधार फारच तोकडा.

हातातलं हत्यार

त्याच वर्षी जूनमध्ये फर्मा यांनी मर्सेन यांना कळवलं होतं, की २ चा ३७वा घात वजा १ या संख्येला २२३ ने भाग जातो. हे त्यांनी नुसतं भागत बसून शोधलं नव्हतं. त्या संख्येचा कुठलाही मूळ अवयव ७४ च्या पटीत १ मिळवून येणाऱ्या रूपाचाच असला पाहिजे, हे त्यांना कळलं होतं. ७४ अधिक १ म्हणजे ७५, मूळ नाही. १४९ मूळ आहे, पण भाग जात नाही. पुढची २२३. सापडला. १८ ऑक्टोबरला फ्रेनिक्ल यांनाच लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात यामागचं सूत्रही आलं. आज त्याला फर्माचं छोटं प्रमेय म्हणतात: प ही मूळ संख्या असेल आणि अ ला प ने भाग जात नसेल, तर अ चा (प − १)वा घात प ने भागल्यावर बाकी १ उरते.

आता हेच आपल्या संख्येला लावू. समजा प ही मूळ संख्या तिला भागते. म्हणजे २ चा ३२वा घात प ने भागला, की बाकी −१. (खरं तर बाकी प − १ लिहायला हवी, पण −१ म्हटलं की हिशेब हलका होतो.) वर्ग केला, की ६४व्या घाताची बाकी १. एका ठरलेल्या संख्येने २ चे घात एकामागून एक भागत गेलं, की बाक्या चक्रात फिरतात आणि १ आला की तीच माळ पुन्हा सुरू होते. ६४व्या घाताला १ येतो, म्हणून चक्राच्या लांबीने ६४ ला भाग गेला पाहिजे. ती लांबी ३२ किंवा त्याहून कमी असती तर ३२व्या घातालाही १ आला असता. पण तिथे तर −१ आहे. तेव्हा चक्र नेमकं ६४ चं. आणि छोटं प्रमेय सांगतं, की (प − १)व्या घाताला बाकी १ च येते. सबब प − १ ला ६४ ने भाग जातो. म्हणजे उमेदवार फक्त ६४ च्या पटीत १ मिळवून येणारे: ६५, १२९, १९३, २५७, ३२१, ३८५, ४४९, ५१३, ५७७, ६४१... यातल्या मूळ संख्या १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१.

दहा अंकी भागाकार करायचीही गरज नाही. २ चा आठवा घात २५६ हे पाठच असतं. त्यानंतर दोनदा वर्ग करायचा आणि दर वेळी बाकी घ्यायची, की ३२वा घात येतो. १९३ साठी २५६ ची बाकी ६३, तिच्या वर्गाची १०९, तिच्या वर्गाची १०८. त्यात १ मिळवला, १०९ उरले, भाग गेला नाही. २५७ ला तर कागदही नको: २५६ म्हणजेच −१, पुढे १, पुन्हा १, बाकी २. ४४९ ला बाकी ३२५. ५७७ ला २८८. आणि ६४१?

२५६ चा वर्ग ६५५३६. त्यातून ६४१ × १०२ = ६५३८२ वजा केले, उरले १५४. १५४ चा वर्ग २३७१६. त्यातून ६४१ × ३६ = २३०७६ वजा केले, उरले ६४०. म्हणजे −१. त्यात १ मिळवला, की शून्य.

झालं. पाच उमेदवार, आणि पाचव्यालाच संख्या फुटली: ४२९४९६७२९७ = ६४१ × ६७००४१७.

ही सगळी आकडेमोड एका पानाच्या पाठीमागे मावते. मग फर्मा यांना ती का दिसली नाही? त्यांनी ती केली असणार आणि कुठेतरी वजाबाकी चुकली असणार, असा एक तर्क केला जातो. मला तो पटतो, कारण २२३ शोधणारा माणूस हा रस्ता विसरेल हे पटत नाही. बरं, ही युक्ती बाजूला ठेवून त्यांनी हट्टाने २, ३, ५, ७ असं भागत बसायचं ठरवलं असतं, तरी ६४१ ही ११६वी मूळ संख्या आहे. वर्गमूळापर्यंतच्या सगळ्या ६५४२ मूळ संख्या तपासाव्या लागल्या नसत्या. ११६व्या भागाकाराला काम संपलं असतं.

१७३२

१ डिसेंबर १७२९ च्या पत्रात ख्रिस्टियान गोल्डबाख यांनी लेओनहार्ड ऑयलर यांना सहज विचारलं, की फर्मा यांचं हे विधान तुम्हाला माहीत आहे का? ऑयलर तेव्हा बावीस वर्षांचे होते आणि सेंट पीटर्सबर्गच्या अकादमीत काम करत होते. सुरुवातीला त्यांनी फारसं मनावर घेतलं नाही. गोल्डबाख यांनी पिच्छा सोडला नाही. १७३२ मध्ये ऑयलर यांनी अकादमीपुढे लेख मांडला, त्यात ६४१ हा अवयव होता. लेख छापून आला १७३८ मध्ये. तो अवयव कसा सापडला, याचा त्यात पत्ता नाही. अवयवांचा ६४ वाला साचा त्यांनी उलगडून दाखवला तो १७५० साली छापलेल्या लेखात.

मागाहून ६४१ साठी एक फारच देखणी पडताळणी मिळाली. ६४१ दोन तऱ्हांनी लिहिता येते: ५ × १२८ + १, आणि ६२५ + १६. पहिल्यावरून, ६४१ ने भागल्यावर ५ गुणिले २ चा सातवा घात याची बाकी −१. चौथा घात घेतला, की ६२५ गुणिले २ चा २८वा घात याची बाकी १. दुसऱ्यावरून, ६२५ च्या जागी −१६ ठेवता येतात, आणि १६ म्हणजे २ चा चौथा घात. तेव्हा वजा २ चा ३२वा घात, बाकी १. म्हणजेच २ चा ३२वा घात, बाकी −१. एकही मोठा गुणाकार नाही. फक्त ही वाट ६४१ आधी माहीत असलेल्यासाठीच आहे. शोधणाऱ्याच्या ती कामाची नाही.

आणखी एक दार

अवयव अजिबात न चाचपडताही ही संख्या उघडते. ती दोन वर्गांची बेरीज आहे हे तर उघडच दिसतं: ६५५३६ चा वर्ग अधिक १ चा वर्ग. पण ती दुसऱ्या तऱ्हेनेही दोन वर्गांची बेरीज आहे: ६२२६४ चा वर्ग ३८७६८०५६९६, आणि २०४४९ चा वर्ग ४१८१६१६०१. बेरीज करून बघा. मूळ संख्या फार तर एकाच तऱ्हेने दोन वर्गांची बेरीज होते. दुसरी तऱ्हा दिसली, की संख्या संयुक्त, हे तिथेच ठरलं.

शिवाय अवयवही हाती येतात. ही पद्धत ऑयलर यांच्याच नावाने ओळखली जाते. ६५५३६ − ६२२६४ = ३२७२ आणि २०४४९ − १ = २०४४८, यांचा मसावि ८. ६५५३६ + ६२२६४ = १२७८०० आणि २०४४९ + १ = २०४५०, यांचा मसावि ५०. दोन्ही मसावि निम्मे करायचे: ४ आणि २५. त्यांच्या वर्गांची बेरीज १६ + ६२५ = ६४१. दुसरा अवयवही इथेच दडलेला आहे. ३२७२ ला ८ ने भागून ४०९, २०४४८ ला ८ ने भागून २५५६; त्यांच्या वर्गांची बेरीज १६७२८१ + ६५३३१३६ = ६७००४१७. मला हे पहिल्यांदा करताना शेवटच्या ओळीवर विश्वास बसेना, म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा करून पाहिलं. अर्थात दुसरी जोडी शोधणं हेच खरं कष्टाचं काम, ते इथे आयतं मिळालं आहे.

६७००४१७ चं काय?

निम्मं काम राहिलंच. दुसरा अवयव आणखी फुटतो का? याचं वर्गमूळ २५८८ च्या जरा वर. एरवी तिथपर्यंतच्या सगळ्या मूळ संख्या लावून बघाव्या लागल्या असत्या. पण ६७००४१७ चा प्रत्येक मूळ अवयव मूळच्या दहा अंकी संख्येलाही भागणार, म्हणून चाळणी इथेही चालते. ल्युका यांनी १८७८ मध्ये ती आणखी बारीक केली: ६४ नव्हे, १२८ च्या पटीत १. कारण असं, की ८ ने भागून १ उरणाऱ्या मूळ संख्येने भागलं, तर २ ही कुणाच्या तरी वर्गाची बाकी असते. त्या ‘कुणा’चं चक्र ६४ च्या दुप्पट, म्हणजे १२८ चं होतं.

आता २५८८ पर्यंत १२८ च्या पटीत १ मिळवलेल्या मूळ संख्या मोजा. १२९, ३८५, ५१३ अशा बहुतेक संयुक्त निघून गळतात आणि उरतात फक्त पाच: २५७, ६४१, ७६९, ११५३, १४०९. त्यांनी ६७००४१७ ला भागल्यावर बाक्या अनुक्रमे १७०, ४४, १२०, ३३४, ६२२. एकही शून्य नाही. तेव्हा ६७००४१७ मूळ आहे आणि आपल्या संख्येचे विभाजक चारच: १, ६४१, ६७००४१७ आणि ती स्वतः.

पाच भागाकारांत सात अंकी संख्या मूळ ठरते, हे मला या प्रकरणातलं सर्वांत सुखाचं पान वाटतं.

झेरा कोलबर्न नावाच्या अमेरिकन मुलाने आठेक वर्षांचा असताना लंडनमध्ये याच संख्येचे अवयव मनातल्या मनात सांगितले, अशी नोंद आहे. कसे काढले ते त्याला नीट सांगता येत नसे.

दोनला खोटं, तीनला खरं

आता माझ्या मते या संख्येचा खरा स्वभाव. छोट्या प्रमेयाचा वापर उलटाही करता येतो. न ही संख्या मूळ असेल तर अ चा (न − १)वा घात, बाकी १ यायलाच हवी. आली नाही तर न मूळ नाही. अवयव न शोधता निकाल. पहिली संख्या कुठली घ्याल? साहजिकच २.

आणि तिथेच फसगत. आपल्या संख्येने भागलं, तर २ चा ३२वा घात म्हणजे −१, ६४वा घात म्हणजे १. न − १ म्हणजे २ चा ३२वा घात, त्याला ६४ ने सरळ भाग जातो. म्हणून २ चा (न − १)वा घात, बाकी १. संख्या संयुक्त असूनही परीक्षेत उत्तीर्ण. असल्या संख्यांना आभासी मूळ संख्या म्हणता येईल. आणि हा योगायोग नाही. या घराण्यातली प्रत्येक संख्या, मूळ असो वा नसो, २ च्या परीक्षेत पास होते, कारण तिचं अंगच २ चं. घरच्या साक्षीदाराकडून वेगळं काय ऐकायला मिळणार?

बाहेरचा साक्षीदार ३. ३ चा वर्ग ९, त्याचा ८१, मग ६५६१, मग ४३०४६७२१. पुढचा वर्ग सोळा अंकी होतो, त्याला ४२९४९६७२९७ ने भागून बाकी ३७९३२०१४५८. हा भागाकारही एक सोय करून ठेवतो: २ चा ३२वा घात इथे −१ असल्यामुळे मोठ्या संख्येचे त्या घाताच्या जागी दोन तुकडे पाडायचे आणि खालच्यातून वरचा वजा करायचा. असे एकूण ३२ वर्ग केले, की ३ चा (न − १)वा घात येतो. बाकी १ हवी होती, निघते ३०२९०२६१६०. खोटेपणा उघडा पडला, आणि ६४१ चं नावही घ्यावं लागलं नाही.

पेपँ यांनी १८७७ मध्ये हीच गोष्ट पक्की कसोटी म्हणून मांडली, तीही एक पायरी आधी थांबून. ३१ वर्गांनंतर बाकी −१, म्हणजे ४२९४९६७२९६, आली तर संख्या मूळ; नाही आली तर नाही. तिसरी शक्यताच नाही. प्रत्यक्षात ३१व्या पायरीला १०३२४३०३ येतात. ही कसोटी ५ पासून पुढच्या सगळ्या भावंडांना लागू पडते; एकट्या ३ ला अर्थातच नाही. दहा अंकी संख्यांचे पंचवीस-सव्वीस वर्ग आणि तेवढेच भागाकार कंटाळवाणे असतील, अशक्य नाहीत. छोटं प्रमेय हाताशी असलेल्या फर्मा यांनी २ ऐवजी ३ घेतला असता तर प्रकरण सतराव्या शतकातच संपलं असतं.

शेजारी

दोन पावलं मागे आलं, की ४२९४९६७२९५. ती ३ × ५ × १७ × २५७ × ६५५३७, म्हणजे आधीच्या पाचही भावंडांचा गुणाकार. हेही प्रत्येक पिढीला घडतं: आधीच्या सगळ्यांचा गुणाकार अधिक २ म्हणजे पुढची संख्या. त्यामुळे कुठल्याही दोन फर्मा संख्यांना १ सोडून सामाईक विभाजक नसतो. असता तर त्याने २ ला भागलं असतं, आणि या तर सगळ्या विषम. वर ६४१ पर्यंत जाताना २५७ तपासली, ती खरं म्हणजे उगाच.

गाउस यांनी १७९६ मध्ये, वय वर्षं अठरा, दाखवलं की सतरा बाजूंचा सुसम बहुभुज कंपास आणि पट्टीने काढता येतो. पुढे नियम ठरला: बाजूंची संख्या विषम असेल तर ती वेगवेगळ्या मूळ फर्मा संख्यांचा गुणाकार हवी. दुसरी बाजू, म्हणजे इतर बहुभुज काढता येतच नाहीत हे, वांत्झेल यांनी १८३७ मध्ये सिद्ध केलं. माहीत असलेल्या मूळ फर्मा संख्या पाचच, म्हणून कंपास-पट्टीने काढता येणारा, विषम बाजूंचा, ज्ञात असलेला सर्वांत मोठा सुसम बहुभुज ४२९४९६७२९५ बाजूंचा आहे. आणखी दोन बाजू जोडून आपल्या संख्येवर आलं, की तो काढता येत नाही. डोळ्यांना दोन्ही वर्तुळच दिसतील.

संगणकातल्या ३२ बिटांच्या चौकटीत मावणारी सर्वांत मोठी संख्याही हीच ४२९४९६७२९५. तिच्यात १ मिळवला की यंत्र शून्यावर येतं. आणखी एक मिळवला, की आपली संख्या, आणि यंत्राच्या लेखी ती १ आहे.

पुढची भावंडं

सहावी १८४४६७४४०७३७०९५५१६१७. लांद्री यांनी १८८० मध्ये तिचे अवयव प्रसिद्ध केले: २७४१७७ × ६७२८०४२१३१०७२१. इथे चाळणी २५६ ची. ६४१ हा १२८ च्या यादीत पाचवा होता, तर २७४१७७ हा २५६ च्या यादीत १०७१वा. सातवी ३९ अंकी, तिचा लहान अवयवच १७ अंकी. ती मॉरिसन आणि ब्रिलहार्ट यांनी संगणकावर १९७० मध्ये फोडली. तिथे चाळणी बारीक असूनही पुरत नाही, वेगळ्या पद्धती लागतात.

पाचवीपासून बत्तिसावीपर्यंत सगळ्या संयुक्त आहेत. त्यातल्या विसाव्या आणि चोविसाव्या संख्येचा एकही अवयव सापडलेला नाही. त्या संयुक्त आहेत हे पेपँच्या कसोटीने, म्हणजे ३ च्या साक्षीवरूनच, कळलेलं आहे. चोविसावीचा निकाल १९९९ मध्ये लागला. तेहेतिसावीचा अवयव मिळालेला नाही आणि ३ ची साक्षही झालेली नाही: एकामागून एक ८५८ कोटींहून जास्त वर्ग करावे लागतील, आणि त्यातली प्रत्येक बाकी लिहायला अडीच अब्जांच्या वर अंक लागतील.